काकांना सलाईन का लावत नाहीत?

प्रश्न : ताई, माझ्या काकांना म्हणजे मावशीच्या मिस्टरांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे. आता केमो नको असं डॉक्टरांनी सांगितल्यावर त्यांना हॉस्पिसमध्ये, म्हणजे शेवटच्या दिवसांत त्रास कमी ठेवणाऱ्या केंद्रात ठेवलंय, मावशी चोवीस तास तिथेच. मी रोज संध्याकाळी जाते पण नुसती खुर्चीवर बसून येते, काय बोलावं सुचतच नाही. काका आता दोन घास पण खात नाहीत आणि सलाईन पण लावलेलं नाही. मावसभाऊ कॅनडातून फोनवर ओरडतो की तुम्ही बाबांना उपाशी मारताय, आयसीयूत हलवा. मावशी नुसती रडते. आम्ही करायचं तरी काय?
– एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : आधी सलाईनचं बोलू, कारण भांडण तिथेच अडकलंय. काका खात नाहीत म्हणून जात नाहीयेत, शरीर आवरतं घेतंय म्हणून त्यांची भूक गेलीय. या टप्प्यावर हृदय आणि किडनीला जास्तीचं पाणी झेपत नाही, मग ते हातापायावर सूज म्हणून येतं नाहीतर छातीत साठतं आणि श्वासाची घरघर वाढते. म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा सलाईन टाळतात, कंजूषपणा नाही तो. तरी तुमच्या पेशंटचं कारण तिथल्या डॉक्टरांनाच विचारा.

आणि हे भावाला मावशीने समजवायचं नाही, तिच्यात आता तेवढी ताकद नाही. तुम्ही डॉक्टरांची वेळ घ्या, कॅनडाची वेळ जुळवा आणि व्हिडिओ कॉलवर दोघांना थेट बोलू द्या. लांबचा मुलगा ओरडतो तेव्हा बऱ्याचदा आपण तिथे नाही याचीच बोच असते, त्यामुळे त्याच्याशी वाद घालू नका. फोन काकांच्या कानाशी धरा आणि त्याला बोलू द्या. उत्तर आलं नाही तरी ऐकू येत असेल असं धरूनच बोलायचं, आणि म्हणूनच सलाईन, आयसीयू, पैसे हे विषय खाटेजवळ नकोत.

मॉर्फिनवरून, म्हणजे दुखणं थांबवायच्या जोरदार औषधावरून पण कोणीतरी बोलणारच, की सवय लागेल, लवकर जातील. दुखण्याच्या मापाने दिलेलं मॉर्फिन माणूस मारत नाही. त्याने पोट मात्र साफ होत नाही, त्याचं औषध चालू आहे का ते नर्सला विचारा.

आता तुमचं काम. ‘काही लागलं तर सांग’ हे वाक्य बंद करा, मावशी कधीच सांगणार नाही. त्यापेक्षा ‘रात्री मी थांबते, तू घरी जाऊन अंघोळ करून झोप’ असं म्हणा आणि खरंच थांबा. तिची बीपीची वगैरे गोळी चालू असेल तर ती घेतली का बघा, डबा न्याल तर तो ती खाईपर्यंत समोर बसा. नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून द्या की विचारपूस माझ्या नंबरवर करा, दिवसभर तेच तेच सांगून माणूस पिचतो.

बोलायला सुचत नसेल तर बोलू नका. काकांचे ओठ कोरडे पडले असतील, ओला कापूस फिरवा, वर थोडं व्हॅसलिन लावा. रामकुंडाचं पाणी आणि तुळशीपत्र घेऊन कोणी आलं तर श्रद्धेला नाही म्हणू नका, पण गिळता येत नसताना चमच्याने पाणी ओतू देऊ नका, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. कापूस त्याच पाण्यात बुडवून ओठाला लावा, झालं.

शेवटी श्वास मधेच थांबून परत सुरू होईल, हातपाय गार पडतील, घशात घरघर होईल. ती ऐकणाऱ्याला जेवढी भयंकर वाटते तेवढा त्रास बहुतेक पेशंटला होत नसतो, हे मावशीला आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी नाही.

काकांना घरी जायचं होतं का, हे मावशीला एकदा विचाराच. घरी न्यायचं ठरलं तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांशी आत्ताच बोला, कारण घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला म्हणजे फॉर्म ४ए उपचार करणारे डॉक्टर देतात आणि रात्री दोन वाजता अनोळखी डॉक्टर सही करत नाही. हॉस्पिसमध्येच झालं तर कागद तिथूनच निघतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत व्हावी लागते, तेव्हा काकांचं आधार कार्ड तुमच्याकडे घेऊन ठेवा.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं, नंतर कोणी फिरकत नाही. तुमची खरी गरज तेव्हा लागेल. बँकेत नाव बदलायला, पेन्शन असेल तर त्या कागदांना मावशीसोबत जा, आणि मृत्यूच्या दाखल्याच्या चार-पाच प्रती आधीच काढून ठेवा.