१९६९ च्या कॅमॅरोच्या ब्रेकना कारखान्यातले मूळ रूप कसे द्यावे?

आपण १९६९ ची शेव्हर्ले कॅमॅरो घेतली आहे, पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेले तिचे ब्रेक पूर्ण खोलून ठेवले आहेत आणि यांतल्या कशाला रंग द्यायचा, कशावर मुलामा चढवायचा आणि कशाला हातच लावायचा नाही, असे विचारले आहे. मी भोसरीतल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात नोकरीची पहिली चार वर्षे काढली. आता डेट्रॉइटजवळ राहतो आणि सुट्टीच्या दिवशी अशाच गाड्यांचे ब्रेक घेऊन बसतो. त्या अनुभवावरून सांगतो की, गाडीखालचे हे भाग देखणे दिसावेत म्हणून कारखान्याने जवळजवळ काहीच केलेले नव्हते. गंज काही काळ लांबावा एवढ्यापुरता सर्वांत स्वस्त उपाय तेवढा केलेला असे. त्यामुळे ‘याचा मूळ रंग कोणता’ असे विचारण्यापेक्षा ‘या भागावर शेवटची प्रक्रिया कोणती झाली होती’ असे विचारले, तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

काहीही धुण्याआधी प्रत्येक भागाचे फोटो काढा. पन्नासएक वर्षांच्या ग्रीसखाली आणि बोल्टच्या डोक्याखालच्या गोल जागेत मूळ मुलामा बहुधा शाबूत सापडतो. बूस्टरची, म्हणजे पायाने दिलेला ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या डब्याची, जी बाजू इंजिनामागच्या पत्र्याला टेकलेली असते, तिथेही तो टिकून राहतो आणि तोच आपला खरा नमुना असतो. मास्टर सिलिंडरच्या (पेडल दाबले की ब्रेक ऑइल पाइपांत ढकलणाऱ्या भागाच्या) पुढच्या मशीन केलेल्या सपाट जागेवर ठोकलेली दोन अक्षरे असतात, तर काही भागांवर तपासनिसाने ओढलेला रंगाचा फराटा असतो. ही अक्षरे घासली गेली किंवा तो फराटा पुसला गेला, तर पुरावाच गेला असे समजा. म्हणून रॉकेल आणि मऊ ब्रश एवढ्यावरच सुरुवात करावी. जुन्या ब्रेक शूंच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असते, म्हणून ती हवेने उडवू नका. ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि मास्क वापरा.

आता बूस्टर. हा डेल्को मोरेनचा, म्हणजे जनरल मोटर्सच्या ब्रेक बनवणाऱ्या विभागाचा, पत्र्याचा डबा, आणि सर्वांत जास्त चुका याच्याच बाबतीत होतात. बरेच जण त्याला सोनेरी स्प्रे मारतात आणि तो मिठाईच्या दुकानातल्या डब्यासारखा दिसू लागतो. मूळ रूप म्हणजे जस्ताचा किंवा कॅडमियमचा पातळ थर आणि त्यावर क्रोमेटची पिवळी झाक. भोसरीत आम्ही याला ‘यलो पॅसिव्हेशन’ म्हणत असू. हा पिवळा रंग एकसारखा नसतो. डबा उजेडात हळूहळू फिरवला की पाण्यावर रॉकेलचा थेंब पसरावा तशी गुलाबी-हिरवी छटा त्यावरून सरकत जाते. ही छटा मुख्यतः षट्संयुजी क्रोमियमच्या जुन्या द्रावणाची देणगी आहे. ते द्रावण कर्करोगकारक असल्यामुळे आता अनेक ठिकाणी त्रिसंयुजी क्रोमियम वापरतात, आणि त्याचा पिवळा रंग पुष्कळदा फिका आणि सपाट येतो. कॅडमियम तर विषारीच आहे, त्याच्या मागे लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. जस्तावर चांगली पिवळी झाक मिळाली की हातभर अंतरावरून फरक कळत नाही.

मात्र मुलामा खालचा दोष झाकत नाही, उलट तो उघडा पाडतो. मूळ पत्रा लाटलेला आणि गुळगुळीत होता. गंज काढण्यासाठी त्यावर जाड वाळूचा मारा केला, तर प्लेटिंगनंतर डबा रवाळ आणि निस्तेज दिसतो, आणि मग त्याचा दोष प्लेटिंगवाल्याच्या माथी मारला जातो. बारीक काचेचे मणी, कमी दाब आणि त्यानंतर पॉलिश पेपर, एवढी मेहनत आधी आपणच करावी. डब्याचे दोन्ही अर्धे वेगळे करूनच प्लेटिंगला द्यावे लागतात. आत जोरदार स्प्रिंग असते, त्यामुळे योग्य साधन नसेल तर ते काम जाणकाराकडेच सोपवा.

मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर (पुढच्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारे भाग) बिडाचे आहेत आणि कारखान्यातून ते कोणत्याही रंगाशिवाय आले. ओतकामाची खरबरीत, करडी कातडी आणि जिथे मशीन फिरले तिथे चकाकता धातू, हा विरोधच त्यांचे मूळ रूप आहे. रुपेरी रंग मारला की तो विरोध मरतो. माझी पद्धत अशी की, मशीन केलेल्या जागा टेप लावून झाकायच्या, उरलेल्या भागावर बिडाच्या छटेचा रंग अगदी पातळ, एकाच हातात द्यायचा, मग टेप काढून उघड्या धातूला तेलाचे फडके फिरवायचे. कट्टर मंडळी तेवढाही रंग देत नाहीत आणि दर महिन्याला तेल पुसत बसतात. त्यांचे चूक नाही, मला तेवढा वेळ नाही. सिलिंडर आतून खड्डे पडून खराब झाला असेल, तर नवा आणण्याऐवजी आत स्टेनलेसची किंवा पितळेची स्लीव्ह (पातळ नळी) बसवून घ्यावी, म्हणजे ओतीव आकडे आणि ती दोन अक्षरे राहतात. त्याच्या पत्र्याच्या झाकणाला मात्र बूस्टरसारखीच पिवळी झाक असते. नेहमीचे डॉट ३ ब्रेक ऑइल सांडले की रंग उकलतो, म्हणून तेल भरताना खाली ओले फडके अंथरा. डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागावर काहीही लावू नये, हे वेगळे सांगायला नको.

मागच्या बॅकिंग प्लेटला, म्हणजे ड्रमच्या आतले शू ज्यावर बसतात त्या ताटलीला, अर्धवट चमक असलेला काळा रंग शोभतो. पावडर कोटिंग जाड बसते आणि प्लास्टिकसारखे दिसते. तिच्यावर शू जिथे घासतात तिथल्या सहा उंचवट्यांवरचा रंग खरवडून तिथे ब्रेकचेच ग्रीस लावा. पाइप मूळचे पोलादी आणि त्यांवर शिसे-कथिलाचा मंद करडा थर होता. आज कथिलाचा थर दिलेले पोलादी पाइप वाकवून तयार मिळतात. स्टेनलेसचे पाइप जन्मभर टिकतात, पण त्यांची चमक लांबूनच चुगली करते. जुन्या पाइपवरची वेटोळ्याची संरक्षक तार टाकून देऊ नका. हे पाइप ज्याला जोडलेले असतात तो पितळी ब्लॉक नुसता स्वच्छ करा, त्याला आरशासारखे बफिंग नको.

स्प्रिंगांविषयी माझीच फजिती सांगतो. पहिल्या गाडीच्या वेळी मी बोल्ट, हूक आणि शू ओढून धरणाऱ्या स्प्रिंगा अशी सगळी पिशवी एका प्लेटिंगवाल्याला देऊन टाकली. शनिवारी रात्री स्प्रिंगा ताणून बसवल्या आणि ड्रम न चढवताच झोपलो. सकाळी गॅरेजमध्ये गेलो तेव्हा एक स्प्रिंग टोकाच्या हूकजवळ मोडून दोन तुकडे जमिनीवर पडले होते. आम्लात आणि प्लेटिंगच्या टाकीत कडक पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ताण आला की काही तासांनी ते तडकते, हे भोसरीत मी स्वतः नव्या मुलांना शिकवत होतो. उपाय म्हणजे प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत सुमारे १९० अंश सेल्सिअसला ते कित्येक तास भाजणे; पण ते नीट झाले की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून आता मी स्प्रिंगांना प्लेटिंग करतच नाही. नव्या आणतो आणि मूळ स्प्रिंगेवर ओळखीसाठी जो रंग होता तोच हाताने देतो. साध्या बोल्टना काळसर करडे फॉस्फेटिंग (फॉस्फेटचा पातळ थर) करून तेलात बुडवले की काम भागते.

पहिल्यांदाच बूस्टर प्लेटिंगवाल्याकडे पाठवू नका. आधी मास्टर सिलिंडरचे झाकण पाठवा आणि सोबत बूस्टरवरच्या शाबूत राहिलेल्या मुलाम्याचा फोटो द्या. झाकण परत आले की ते उन्हात नेऊन त्याच मुलाम्याशेजारी धरा. छटा जुळली तरच बूस्टरचा डबा बांधून पाठवा.