झुंबर घेताना, पुसताना, टांगताना

चोरबाजारातला विक्रेता म्हणतो, झुंबर अस्सल ओस्लरचं आहे. खरं कसं ओळखावं? (दादर)

जुनं झुंबर दिसलं की विक्रेत्याच्या तोंडी ओस्लरचंच नाव! बर्मिंगहॅमच्या या कंपनीने 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात 27 फुटी काचेचं कारंजं उभारलं होतं. कलकत्त्यात तिचं दुकान होतं, आपले संस्थानिक तिचे गिऱ्हाईक होते. त्यामुळे तिचा माल इथे मिळणं अशक्य नाही, पण नुसत्या शब्दावर पैसे मोजू नका. धातूच्या भागांवर नाव ठोकलंय का, ते आधी पाहा. मग लोलक तळहातावर घ्या. शिसं घातलेली काच साध्या काचेपेक्षा जड लागते आणि अंधारात यूव्ही टॉर्चखाली बहुधा निळसर दिसते. अर्थात शिशाची काच म्हणजे ओस्लर, असं मुळीच नाही. पण एकाच झुंबरात काही लोलक निळसर आणि काही हिरवट दिसले, तर मागाहून भरती झाली असावी. अशा वेळी भाव पाडून मागा.

दर आठवड्याला काचेच्या स्प्रेने झुंबर पुसतो, तरी लोलक गळून पडतात. (वरळी)

‘तरी’ कशाला, कदाचित त्यामुळेच! स्प्रेच्या बाटलीवर अमोनिया लिहिलंय का बघा. वाकवलेल्या, ताण असलेल्या पितळेला अमोनिया तडे पाडतो. पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं अशीच तडकायची. अमोनिया घोड्यांच्या मुताचा. लोलकाची तार किंवा पिन नेमकी वळणावर तुटते. सगळ्या तारा एकदाच बदलून घ्या. पुढे कापड किंचित ओलं करून एकेक लोलक हाताने पुसा. पुसताना झुंबर गरगर फिरवू नका, वरचा आटा सुटतो.

पितळ चिंचेने घासू का? (पार्ले)

समईला ठीक आहे, झुंबराला नको. वर लॅकर (चकाकी टिकवणारं पारदर्शक वार्निश) असेल तर ते निघून जाईल आणि सांध्यांत राहिलेली आंबट ओल पितळ खात बसेल. थोडा काळपटपणा मला तरी शोभून दिसतो.

फ्लॅटमध्ये पीओपीच्या छताला टांगता येईल? (ठाणे)

नाही. हूक वरच्या स्लॅबमध्येच हवा, आणि तो कुठे नि कसा बसवायचा हे इंजिनिअरला विचारून. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवून पाहिले, अशी आख्यायिका आहे. तुम्ही निदान झुंबर वजनकाट्यावर चढवा! कापडी वेष्टणाच्या जुन्या वायरी काढून नव्या घाला आणि धातूच्या सांगाड्याला अर्थिंग द्यायला इलेक्ट्रिशियनला बजावून सांगा.