पिक्चर ट्यूबमध्ये मेमरी?

प्रश्न : माझी मुलगी ऐरोलीच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. परवा जेवताना म्हणाली, सरांनी सांगितलं की मँचेस्टर युनिव्हर्सिटीत जो पहिला कॉम्प्युटर बनला त्याची मेमरी टीव्हीसारख्या पिक्चर ट्यूबमध्ये होती. माझ्या सासऱ्यांनी कळव्यात तीस वर्षं टीव्ही रिपेअर केलेत, ते ऐकायलाच तयार नाहीत, म्हणतात ट्यूब चित्र दाखवते, ती लक्षात काय ठेवणार? आजोबा-नातीचं दोन दिवस हेच चाललंय. खरं काय?
– एक वाचक, कळवा

उत्तर : ताई, सर बरोबर सांगतायत, आणि त्याचा पुरावा तुमच्या सासऱ्यांकडेच आहे. त्यांना विचारा, प्लग काढल्याबरोबर ट्यूबला हात लावायचात का? जुना मेकॅनिक आधी ट्यूब डिस्चार्ज करतो, चट्ट असा आवाज होतो, मगच आत हात घालतो. म्हणजे ट्यूबमध्ये चार्ज राहतो हे त्यांनी रोज बघितलंय.

ही मेमरी बनवणारे फ्रेडी विल्यम्स आणि टॉम किलबर्न दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारच्या संशोधन केंद्रात होते आणि रडारचा स्क्रीन म्हणजे हीच ट्यूब. इलेक्ट्रॉनचा झोत स्क्रीनवर पडला की त्या ठिपक्यापाशी थोडा चार्ज उरतो, पण तो सेकंदाच्या आतच विरून जातो, हीच तर अडचण होती. मग त्यांनी काचेला बाहेरून धातूची प्लेट लावली, झोत परत त्याच ठिपक्यावर नेला की प्लेटमध्ये बारीकसा सिग्नल येतो, त्यावरून तिथे शून्य होतं की एक ते कळतं, आणि कळलं की विरायच्या आत लगेच परत लिहून टाकायचं, सारखं सारखं. मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. मुलीला सांगा, तिच्या लॅपटॉपच्या रॅममध्ये आजही चार्ज गळतो आणि आजही तो असाच परत परत भरावा लागतो, त्यालाच रिफ्रेश म्हणतात.

ही ट्यूब खरंच चालते का ते तपासायला त्यांनी जेफ टूटिलला सोबत घेऊन एक छोटी मशीन बांधली, तीच ‘बेबी’, म्हणजे सरांनी सांगितलेला मँचेस्टरचा कॉम्प्युटर. मेन मेमरी एका ट्यूबवर, ३२ ओळी, ओळीत ३२ ठिपके, म्हणजे फक्त १०२४ बिट (एक बिट म्हणजे एक शून्य किंवा एक). गणितातलं फक्त वजाबाकी यायची, बेरीज पण वजाबाकी करूनच काढायची! २१ जून १९४८ ला किलबर्नने लिहिलेला १७ सूचनांचा प्रोग्रॅम तिच्यावर ५२ मिनिटं चालला आणि बरोबर उत्तर आलं.

आता ‘पहिला’ या शब्दावरून वाद होतोच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीचा एनिॲक १९४६ मध्येच लोकांसमोर आला होता, पण तेव्हा त्याला नवीन काम द्यायचं तर वायरी आणि स्विच बदलत बसावं लागे. प्रोग्रॅम मेमरीत ठेवून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवला तो पहिल्यांदा मँचेस्टरला, आणि मी तरी त्यालाच मोठा मान देईन. त्यातूनच पुढे १९५१ चा फेरांटी मार्क १ आला, बाजारात विकला गेलेला, आणि १९६२ चा ॲटलस, ज्याने व्हर्च्युअल मेमरी दिली (मेन मेमरी कमी असली तरी जास्त असल्यासारखी वापरायची युक्ती), ती मुलीला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरला येईलच.

बेबीची १९९८ मध्ये बांधलेली चालती प्रतिकृती मँचेस्टरच्या सायन्स अँड इंडस्ट्री म्युझियममध्ये आहे. तिचा फोटो सासऱ्यांना दाखवा. त्यात जो स्क्रीन दिसतो तो नुसता ठिपके बघायला लावलेला, कारण मेमरीच्या ट्यूबचा स्क्रीन प्लेटने झाकलेला असतो. ती ट्यूब धातूच्या डब्यात का बंद केलीय, हे त्यांना न सांगताच कळेल : बाहेरचा इलेक्ट्रिकल गोंधळ त्या बारीक सिग्नलमध्ये मिसळू नये म्हणून.