टीबी बरा झाला, मग हा बेडका कसला?

वडील ५८ वर्षांचे आहेत. २०११ साली त्यांना टीबी झाला होता, कोर्स पूर्ण केला. गेली चार वर्षं रोज सकाळी उठल्याबरोबर अर्धी वाटी पिवळसर बेडका पडतो. एक्स-रेत डाग दिसतो म्हणून मध्ये दोनदा टीबीच्या गोळ्या दिल्या, फरक पडला नाही. आता तिसऱ्यांदा सुरू करायच्या म्हणतात. काय करावं? – एक वाचक, बार्शी

गोळ्या सुरू करण्याआधी थुंकीची नीट तपासणी झालीच पाहिजे. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला ब्रॉन्किएक्टॅसिसची दाट शंका येते. म्हणजे श्वासनलिका कायमच्या रुंदावणं.

आपल्या श्वासनलिकांना आतून बारीक केसांचं अस्तर असतं. ते केस दिवसभर कफ वर घशाकडे ढकलत राहतात, आपण तो नकळत गिळून टाकतो. टीबीने नळीची भिंत खाल्ली, की ती जुन्या इलॅस्टिकसारखी सैल पडते आणि परत आवळत नाही. मग कफ तिथेच साचतो, त्यात जंतू वाढतात, सूज येते आणि भिंत आणखी खराब होते. रात्रभर साठलेलं सकाळी उठून बसलं की बाहेर पडतं. वडिलांची अर्धी वाटी बहुधा तीच.

म्हणजे टीबी गेला असेल, पण नळी पूर्ववत झालेली नाही. एक्स-रेतला डाग हा जुन्या जखमेचा व्रण असू शकतो आणि व्रण गोळ्यांनी पुसला जात नाही. आपल्या देशातल्या २,१९५ रुग्णांची नोंद २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात एक तृतीयांशाहून अधिक जणांच्या आजाराचं मूळ टीबी होतं. तरीही डाग बघून पुन्हा पुन्हा टीबीचे कोर्स दिलेले रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा फार वाईट वाटतं. महिनोन्महिने यकृताला त्रास आणि मूळ दुखणं तसंच.

छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारीक काप दाखवणारा सीटी स्कॅन, करा. निरोगी नळी शेजारच्या रक्तवाहिनीएवढीच असते. इथे ती मोठी दिसते आणि वाहिनी तिच्या कडेला चिकटलेली, अगदी खड्याच्या अंगठीसारखी. थुंकी सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी), टीबीचं कल्चर (जंतू प्रयोगशाळेत वाढवून बघणं) आणि साधं जंतूंचं कल्चर अशा तिन्हींसाठी द्या. पूर्वी टीबी झालेल्यांत मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळेही सीबीनॅट पॉझिटिव्ह येऊ शकतं, म्हणून कल्चर महत्त्वाचं. टीबी पुन्हा होऊही शकतो. ताप, वजन घटणं असेल तर तपासणी लांबवू नका आणि चालू असलेली औषधं स्वतःहून बंद करू नका.

आईला हाच आजार आहे. खोकून खोकून थकते, म्हणून रात्री खोकल्याचं सिरप देतो. चालेल ना? – एक वाचक, नाशिक

नको. खोकला दाबणारं सिरप या आजारात कफ आत कोंडून ठेवतं. आईला कफ बाहेर काढायला शिकवा. माझ्या मते या आजारात औषधांइतकंच, कधी कधी त्याहून जास्त, याला महत्त्व आहे.

खुर्चीत ताठ, पण खांदे सैल सोडून बसवा. मिनिटभर शांत श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक दोन-तीन सेकंद रोखून. त्यानंतर चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तिच्यावर तोंडाने ‘हाऽ’ करतो ना, तसा तोंड उघडं ठेवून जोरात ‘हाऽ’. एकदा, दोनदा. घुरघुर वर सरकल्यासारखी वाटली की एकच खोकला आणि बेडका बाहेर. मग पुन्हा शांत श्वास. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं, जेवणाआधी. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टसमोर करून बघा. फुप्फुसाच्या कोणत्या भागात कफ आहे त्यावरून कुठल्या कुशीवर झोपायचं, तेही ते सांगतील.

काहींना नेब्युलायझरमधून ३ टक्के सलाइन दिल्यावर कफ सुटतो. पहिला डोस डॉक्टरांसमोर घ्यावा, कारण छाती आवळू शकते. घरचं मीठ-पाणी मशीनमध्ये कधीही घालू नये.

बेडका पारदर्शक डबीत पडू द्या आणि रोज बघा. रंग हिरवा झाला, प्रमाण वाढलं, दम वाढला, तर डॉक्टरांना भेटा आणि अँटिबायोटिक सुरू होण्याआधी थुंकी कल्चरला द्या. स्यूडोमोनास नावाचा चिवट जंतू निघाला तर औषधं वेगळी लागतात.

बेडक्यात रक्त दिसलं. घाबरायचं का? – एक वाचक, सांगली

एखादी रेघ असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रक्त कपभर किंवा सतत येत असेल तर वाट न बघता मोठं रुग्णालय गाठा. कोणत्या बाजूने रक्त येतं ते माहीत असेल तर ती बाजू खाली करून कुशीवर झोपा, म्हणजे चांगल्या फुप्फुसात रक्त जाणार नाही. जांघेतून बारीक नळी घालून रक्तस्राव होणारी वाहिनी बंद करता येते. अनेकांचा जीव त्याने वाचतो.

शेजाऱ्यांना अझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा दिलंय. मीही घेऊ का? – एक वाचक, ठाणे

मनाने अजिबात नको, हे अँटिबायोटिक आहे. वर्षात तीन किंवा जास्त वेळा आजार उसळणाऱ्यांनाच ते प्रामुख्याने विचारात घेतात. त्याआधी थुंकीत टीबीच्या जातकुळीतले इतर जंतू नाहीत ना ते बघतात, ईसीजी काढतात आणि ऐकू येण्यावर लक्ष ठेवतात.

मुलगी २४ वर्षांची आहे. लहानपणी गोवरानंतर न्यूमोनिया झाला, तेव्हापासून डाव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात हा आजार आहे. हा संसर्गजन्य आहे का? लग्नाचं बघतोय. – एक पालक, अकोला

ब्रॉन्किएक्टॅसिस एकाकडून दुसऱ्याला होत नाही. गोवर-न्यूमोनियातून आलेला हा दोष मुलांकडेही जात नाही. जन्मजात कारणं वेगळी असतात, पण तिच्याबाबतीत तसं दिसत नाही. आजार एकाच भागात असला की एक गोष्ट मात्र तपासावी लागते. लहानपणी शेंगदाणा किंवा सीताफळाची बी श्वासनलिकेत जाऊन वर्षानुवर्षं अडकलेली असू शकते. दुर्बिणीने कधी पाहिलं नसेल तर डॉक्टरांना विचारा.

सासरच्यांपासून हे लपवू नका, एवढी कळकळीची विनंती. सकाळची पंधरा मिनिटं तिला उघडपणे, दार न लावता मिळाली पाहिजेत. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने द्या. बाळाचा विचार सुरू झाला की आधी फुप्फुसांची तपासणी आणि औषधांची यादी एकदा छातीच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.