वाचनालयातील पाककृतींची पुस्तके आणि आपले स्वयंपाकघर

प्रश्न : मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहते. तालुक्याच्या वाचनालयातून पाककृतींची पुस्तके घरी आणते. परंतु बहुतेक कृतींना ओले खोबरे, आमसुले किंवा ओव्हन लागतो, तर जुन्या पुस्तकांतील शेर-तोळ्यांचा हिशेब कळत नाही. रोजच्या स्वयंपाकात काही नवे करावे, अशी मनापासून इच्छा असूनही पुस्तक तसेच परत जाते. काय करावे?

उत्तर : पुस्तकातला पदार्थ आधी निवडून मग त्याचे सामान शोधू नये. घरात आणि शेतात त्या आठवड्यात काय आहे ते पाहावे आणि त्याच्या जवळच्या जिन्नसाचे प्रकरण उघडावे. हिवाळ्यात तुरीचे सोले निघतात, तेव्हा मटारचे प्रकरण काढावे. मटारची उसळ, करंजी, भात हे सारे सोल्यांचेही उत्तम होते. सोल्यांना शिजायला मटारपेक्षा अधिक वेळ लागतो, म्हणून ते आधी वाफवून घ्यावेत, एवढाच काय तो फरक.

खोबऱ्यावाचून अडू नये. वाटणातले ओले खोबरे रश्शाला दाटपणा व गोडसर चव देते. ते काम भाजलेले शेंगदाणे आणि थोडे तीळ चांगले करतात. एक वाटी खोबऱ्याच्या जागी अर्धी वाटी दाणे घेऊन बारीक वाटावेत. मात्र दाण्याचा रस्सा उकळताना घट्ट होत जातो, म्हणून हाताशी गरम पाणी ठेवावे. जवस वापरायचा असेल तर तडतडेपर्यंत भाजून, कुटून, चमचाभरच घालावा, कारण ओलसर होताच तो चिकट होतो. आमसुलाऐवजी चिंचेचा कोळ चालतो, पण डाळ पूर्ण शिजल्यावरच घालावा. आंबटाने डाळ शिजायला वेळ लागतो. ओव्हनच्या कृती सध्या खुशाल सोडून द्याव्यात.

जुन्या पुस्तकांना मात्र घाबरून परत करू नये, कारण भाजणी, सांडगे, पापड यांची बारकाईने दिलेली कृती बरेचदा त्यांतच सापडते. वजनी शेर म्हणजे ८० तोळे, सुमारे ९३३ ग्रॅम. त्या हिशेबाने पावशेर सुमारे २३३ ग्रॅम भरतो, म्हणजे आज आपण ज्याला पावशेर म्हणतो त्या पाव किलोपेक्षा थोडा कमी. धान्य मापायचा शेर याहून निराळा असे आणि तो गावागणिक बदलत असे. म्हणून डाळीला तांदूळ किती, पिठाला मोहन किती, हे परस्पर प्रमाण पाहावे आणि आपल्या वाटीने मोजावे.

पुस्तकावर खुणा करू नयेत. एका वहीत कृती उतरवावी आणि आपण केलेला बदल शेजारी लिहावा. पुढच्या वर्षी सोल्यांच्या दिवसांत तीच वही उपयोगी पडेल.

आणखी एक आग्रहाची सूचना. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ अन्वये मान्यता मिळालेल्या वाचनालयांना शासकीय अनुदान मिळते आणि त्यातून ग्रंथखरेदीही होते. कोणती पुस्तके हवीत, हे वाचकांनी सांगितल्याशिवाय ग्रंथपालांना कळत नाही. पाटवडी, गोळाभात, रोडगे, अंबाडीची भाजी अशा आपल्याकडच्या पदार्थांवरचे पुस्तक हवे, अशी मागणी आपण आणि आपल्या मैत्रिणींनी खरेदीपूर्वीच लेखी नोंदवावी.