लेहला निघालीस तर जुलैतच नीघ

चि. बेटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांकडून कळलं की चेन्नईची नोकरी सोडून तू लेहला सोलरच्या कामावर जातेस. कंपनीनं हजर व्हायला १ नोव्हेंबर दिला आणि तू हो म्हणून बसलीस. आधी ती तारीख अलीकडे ओढून घे. जुलै मिळाला तर उत्तम, ऑगस्टही चालेल. नोव्हेंबरात तिथं पोचणं म्हणजे मृग कोरडा घालवून पोळ्याला बियाणं शोधत फिरणं.

माझी नोकरी सीमा सडकवाल्यांकडे, त्यांच्या ग्रेफ या दलात डिझेल मेकॅनिक म्हणून झाली, त्यातली बरीच वर्षं लडाखच्या हिमांक प्रोजेक्टवर. त्यामुळे इथं जे लिहितो ते ट्रकच्या खाली पाठ टेकून शिकलेलं आहे. पर्यटकांना सांगायच्या गोष्टी मला येत नाहीत.

तिथला हिवाळा लोक ऑगस्ट-सप्टेंबरातच उभा करतात. धाब्याच्या छतावर जर्दाळू आणि पालेभाज्या वाळत घातलेल्या दिसतील. आलू, गाजर, मुळे, सलगम जमिनीतल्या खड्ड्यात उतरतात. छताच्या कडेनं गवताच्या पेंढ्या आणि जळणाच्या चळती लागतात. तुझी आजी उन्हाळ्यात कुरडया-सांडगे करून, सरपण-गोवऱ्या कोठ्यात भरून पावसाची वाट पाहायची. बेगमीची ही सवय तुझ्या घरात होती, चेन्नईनं ती मोडली. दहा मिनिटांत दारात दूध येणाऱ्या शहरात ती टिकणार तरी कशी? पण जानेवारीत लेहच्या बाजारातली निम्म्याहून जास्त दुकानं बंद दिसतात, ताजी भाजी विमानानं येते आणि तिचा भाव ऐकून आपला कास्तकार चाट पडेल. जोजिला खिंड पूर्वी पाच-सहा महिने बंद राहायची. आता आमची पोरं बर्फ कापून ती लवकर उघडतात, तरी बंद असते तेव्हा रस्ता नाही म्हणजे नाही. जुलैत गेलीस तर हे सगळं होताना पाहशील आणि त्यात हात घालशील. नोव्हेंबरात गेलीस तर दुसऱ्यानं केलेलं विकत मागावं लागेल.

बाबा म्हणतात, "आमची पोर पांढरकवड्याच्या पंचेचाळीस डिग्रीत वाढली, तिला काय होते!" त्यांचा अभिमान त्यांच्याजवळ राहू दे. उन्हात तावून निघालेल्या अंगाला थंडीची सवय होत नाही. शिवाय सुरुवातीला थंडीपेक्षा उंचीचाच धाक जास्त. लेह ३,५०० मीटरवर आहे. तिथं एका श्वासात जेवढा प्राणवायू येतो तो समुद्रकाठच्या चेन्नईच्या मानानं साधारण दोन तृतीयांश. आणि ही उंची धडधाकट माणसाला सवलत देत नाही. उलट धडधाकट पोरंच पहिल्या दिवशी शांती स्तूपाच्या पायऱ्या पळत चढतात आणि रात्री डोकं धरून ओकत बसतात.

म्हणून रस्त्यानं जा. आपल्या गावाशेजारून जाणारा ४४ नंबरचा महामार्ग वर थेट श्रीनगरपर्यंत जातो, हे तुला माहीत असेल. (तो ७ नंबरचा होता तेव्हापासून मी त्याच्यावर ट्रक पाहत आलो आहे.) श्रीनगरपर्यंत तू अर्थात रेल्वेनं जा. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर गाडी आहे, जम्मूच्या बाजूनं तेवढा त्रास कमी झाला. श्रीनगर १,६०० मीटरच्या आतबाहेर. तिथं दोन दिवस काढ. मग सोनमर्ग, जोजिला, द्रास करत कारगिलला मुक्काम, ते २,७०० च्या जवळपास. दुसऱ्या दिवशी फोटू ला ही खिंड ओलांडून लेह. चढ टप्प्याटप्प्यानं येतो, अंग समजून घेतं. मनालीकडून मात्र पहिल्यांदा जाऊ नको. तिकडे सरचूला ४,२०० च्या वर रात्र काढायची पाळी येते आणि नवख्या माणसाची ती रात्र वाईट जाते. विमानानंच जायची वेळ आली तर पहिले दोन दिवस खाटेवर पड, चालणं न्हाणीपुरतं. साहेब म्हणाला, "साइट बघून येऊ," तर नाही म्हण. दारू नको, झोपेची गोळी तर अजिबात नको. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही ते जाण्याआधी डॉक्टरला विचार, आणि सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आधी तेच सांग.

डोकं दुखणं, झोप न लागणं, जेवण नकोसं होणं हे पहिल्या दिवसांत होतं, आराम केला की उतरतं. पण बसल्या जागी दम लागला, खोकला थांबेना, चालताना तोल जायला लागला किंवा बोलण्यात गोंधळ व्हायला लागला तर सकाळची वाट पाहायची नाही. थेट लेहच्या सोनम नोर्बू रुग्णालयात. अशा वेळी प्राणवायू आणि खाली उतरणं हाच इलाज, आणि "सकाळी बघू" म्हणणारा शेजारी कितीही मायाळू असला तरी त्याचं ऐकू नको.

आता खोली. गेस्ट हाऊसवाले उन्हाळ्यात काचेच्या खिडक्या आणि डोंगर दाखवतात. तू दुपारी बारा वाजता जाऊन ऊन कुठं पडतं ते पाहा. दक्षिणेकडे तोंड असलेली, मातीच्या विटांच्या जाड भिंतींची खोली घे. बऱ्याच घरांना दक्षिणेला काचेची खोली असते. त्या खोलीत बाहेर शून्याखाली असताना दुपारी स्वेटर काढावासा वाटतो. घरमालकाला एकच प्रश्न विचार: जानेवारीत पाणी कुठून येतं? नळ गोठतात, म्हणून कित्येक ठिकाणी हिवाळ्यात पुरवठा बंदच ठेवतात आणि मग टँकर, हातपंप, कॅन. संडासही पुष्कळ घरांत कोरडा असतो, वरून माती टाकायची, पुढे त्याचं शेतात खत जातं. नाक मुरडू नको. वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात फ्लशमध्ये पाणी ओतणं ही चैन आहे. गावात शेताला पाण्याची पाळी लावून देणारा चुरपोन असतो, त्याचा शब्द सगळे मानतात. आपल्याकडच्या कालव्यावर असा माणूस असता तर निम्मी भांडणं मिटली असती.

एकट्या फ्लॅटमध्ये राहू नको, एखाद्या कुटुंबाच्या घरात खोली घे. भाडं वाचतं ते सोड, डिसेंबरात संध्याकाळी लवकर अंधार पडला की चूल पेटलेलं घर जवळ असलं पाहिजे. त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावलं तर जा, गुरगुर चहा, म्हणजे लोणी-मीठ घातलेला चहा, खारट लागला तरी पी. लोसार, म्हणजे लडाखी नववर्षाचा सण, बहुधा डिसेंबरात येतो, तेव्हा सुटी टाकून गावाकडे धावू नको. पहिला हिवाळा तिथंच काढलास तर त्या लोकांत तुझी गणना होईल, आणि पुढे साइटवर अडचण आली की मदतीला तेच येतील.

बुखारीबद्दल, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीबद्दल, मात्र हे पाठ कर. रॉकेलची असो की लाकडाची, झोपण्याआधी विझवायची. पेटलेली असताना खिडकीची फट उघडी ठेवायची. धुराडं काजळीनं तुंबलंय का, ते दर आठवड्याला बघायचं. खोली बंद करून शेगडी ठेवून झोपणारी माणसं सकाळी उठत नाहीत, तिकडे दर हिवाळ्यात अशी बातमी असते. बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नाही, रंग नाही. त्याचा अलार्म शहरात मिळतो, तो चेन्नईतूनच घेऊन जा. थंडीनं रात्री जाग आली तर आणखी एक रजई ओढ.

कपडे चेन्नईत घेऊ नको, तिथल्या दुकानदारानं बर्फ पाहिलेला नसतो. दिल्लीत किंवा लेहमध्येच घे. कापूसपट्ट्यातल्या पोरीला हे सांगताना मलाच कसंतरी होतं, पण अंगालगत सुती कापड नको. घाम धरून ठेवतं आणि मग अंग गार पडतं. आत थर्मल, वर लोकर, त्यावर वारा अडवणारं जाकीट, आणि बूट एक नंबर मोठे, जाड मोज्यांसाठी. काळा चश्मा बर्फावर औषधासारखा वापर.

प्रेशर कुकर घरून ने, दोन जादा रबरं टाक. तिथं पाणी ८८ डिग्रीच्या आसपासच उकळतं, उघड्या गंजात तुरीची दाळ दिवसभर ठेवली तरी शिजायची नाही. जवसाची चटणी, फल्लीचे दाणे, गूळ, तीळ हे सामान टिकतं आणि थंडीत अंगी लागतं. सिम पोस्टपेड करून घे, बाहेरच्या राज्याचं प्रीपेड लडाखात चालत नाही.

तुझ्या कामातलं मी काय सांगणार! एवढंच की जनरेटर असेल तर त्यात हिवाळी डिझेल आहे का, विचार. इंडियन ऑइलनं ते २०१९ मध्ये लडाखसाठी काढलं, उणे ३३ पर्यंत वाहतं. आमच्या वेळी टाकीखाली जाळ धरून डिझेल पातळ करावं लागायचं.

आणि कंपनीच्या कागदावर सही करण्याआधी हे लिहून घे: हिवाळ्याचं जळण कोण देणार, आजारी पडल्यास विमानानं खाली आणायचा खर्च कोणाचा, धुक्यानं किंवा बर्फानं विमान रद्द झालं तर ते दिवस रजेत धरणार का. तोंडी "हो मॅडम, होऊन जाईल" म्हणतील. तेवढ्यावर जाऊ नको. मसुदा मला फोनवर वाचून दाखव, मग मी तुझ्या बाबांना सांगतो की तिकीट काढा. दाळ नवी आहे, पाच किलो बाजूला काढून ठेवली आहे.

तुझा,
काका