पंच शिक्षा देतो का?

तासगावच्या एका वाचकाने विचारलंय : “आमच्याकडे सर्रास म्हणतात, ‘त्या खटल्यात काका पंच होते, त्यांनीच त्याला सात वर्षं घालवलं.’ मग पंच म्हणजे ज्यूरी का? ज्यूरीला मराठीत पंच म्हणावं का?”

नाही. ज्यूरी म्हणजे खटला ऐकून आरोपी दोषी की निर्दोष हा कौल देणारे सामान्य नागरिक. पण घोटाळा का होतो ते कळतं, कारण ‘पंच’ शब्दाचं वजन जुनं आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ म्हणणाऱ्या भाषेत पंच हा निवाडा करणारा माणूस. सांगलीकडच्या कुस्तीच्या मैदानात आजही तसाच आहे : पाठ टेकली की नाही हे पंच ठरवतो, आणि त्याचा हात वर झाला की कुस्ती निकाली.

फौजदारी कामात मात्र तोच शब्द साक्षीदारावर येऊन थांबलाय. झडती-जप्तीला त्या भागातले दोन किंवा अधिक प्रतिष्ठित, त्रयस्थ रहिवासी हजर हवेत, एवढंच कायदा मागतो. पाचाची अट नाही. मी एकदा असा पंच होतो. कोयता कापडात गुंडाळला, दोरा बांधला, लाखेचं सील केलं, आणि आमच्या सह्यांची कागदी चिठ्ठी वर चिकटवली. पुढं कोर्टात विचारलं ते एवढंच : ही सही तुमची का? मुद्देमाल हाच का? आरोपी दोषी की निर्दोष, हे मला कुणी विचारलं नाही. विचारणारही नव्हतं.

ज्यूरीला नेमकं तेच विचारत. १९५९च्या नानावटी खटल्यात (नौदल अधिकाऱ्यावरचा खुनाचा खटला) मुंबईत ज्यूरीने ८ विरुद्ध १ असा ‘निर्दोष’ कौल दिला. न्यायाधीशांना तो पटला नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं, जन्मठेप झाली. १९६१ला सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. असेसर, म्हणजे न्यायाधीशाला नुसतं मत देणारे नागरिक, त्याआधीच, १९५५च्या दुरुस्तीने गेले होते. त्यांचं मत न्यायाधीशावर बंधनकारक नसे. म्हणून ज्यूरीला ज्यूरीच म्हणावं. ‘पंचमंडळ’ लिहिलं तर वाचणाऱ्याला पंचनामाच आठवणार.

आता ‘शिक्षा’. ज्यूरी असतानाही तिचं काम दोषी की निर्दोष एवढंच, शिक्षेचा आकडा न्यायाधीशाचा. आजही सत्र न्यायालयात दोषी ठरवणं आणि शिक्षा सुनावणं या दोन पायऱ्या आहेत. मधे आरोपीला शिक्षेबाबत बोलू देतात, आणि तिथं ‘घरात म्हातारी आई हाय, पोरं बारकी हायती’ असं ऐकू येतं. ते ऐकल्याशिवाय शिक्षा सुनावता येत नाही. त्यामुळं ‘दोषी ठरवून शिक्षा दिली’ हे एका दमात लिहिताना मधली ही पायरी गळते, आणि मला ते खटकतं.

साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांनी नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबाला सांगितलं ते ‘देहांत प्रायश्चित्त’. शिक्षा दुसरा देतो, प्रायश्चित्त ज्याचं त्याने घ्यायचं. शब्द किती तोलून वापरलाय!

तुमच्या वाक्याचं एवढंच करा : ‘काका पंच साक्षीदार होते, त्यांची साक्ष टिकली, शिक्षा कोर्टाने सुनावली.’